“मी ब्रेकच दाबला होता”: आपोआप सुटलेल्या गाड्या आणि त्यावरच्या संशयाची जुनी गोष्ट

८ मार्च २०१०, कॅलिफोर्निया. सॅन दिएगोच्या पूर्वेला इंटरस्टेट ८ हायवेवर २००८ ची एक टोयोटा प्रियस ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास सुसाट चाललीय आणि आतला माणूस ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन लावून सांगतोय की अ‍ॅक्सिलरेटर अडकलाय, गाडी थांबतच नाहीये. फोनवरची ऑपरेटर परत परत सांगते, न्यूट्रलला टाका, तो काही टाकत नाही. शेवटी हायवे पेट्रोलचा एक पोलीस शेजारी गाडी घालून भोंग्यावरून ओरडतो की ब्रेक आणि पार्किंग ब्रेक दोन्ही दाब, आणि गाडी थांबते. कुणाला साधं खरचटलंही नाही.

त्या रात्री सगळ्या चॅनलवर हा माणूस म्हणजे थोडक्यात वाचलेला बिचारा. आठवड्याभरात तोच माणूस संशयित. कारण टोयोटाने आणि अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने (एनएचटीएसए) मिळून गाडी तपासली आणि त्यांना ते परत घडवून आणता आलं नाही. प्रियसमध्ये दोन्ही पेडल एकदम दाबली की कॉम्प्युटर इंजिनची ताकद काढून घेतो, आणि ती सोय त्या गाडीत नीट चालत होती. वर गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदीनुसार पाय ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरवर आलटून पालटून, जवळपास २५० वेळा, पडला होता. पण त्याच गाडीचे पुढचे ब्रेक पार जळून गेले होते, आणि जळका वास त्या पोलिसालाही आला होता. म्हणजे ब्रेक दाबला नव्हता असंही नाही, फक्त जीव खाऊन दाबला नव्हता. मग पत्रकारांनी त्याची जुनी कर्जं उकरून काढली, आणि लोकांनी आपापला निकाल लावून टाकला. तो मुद्दाम खोटं बोलला हे मात्र कुणीच सिद्ध केलं नाही.

दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कजवळ हॅरिसन गावात आणखी एक प्रियस रस्ता ओलांडून दगडी भिंतीवर आदळली. ड्रायव्हर बाई म्हणाल्या, ब्रेक दाबला होता. गाडीतल्या नोंदीत ब्रेक शून्य आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा.

आता या दोन बातम्यांवर लोक इतके तुटून का पडले हे कळायला जरा मागे जावं लागतं, कारण हा खेळ अमेरिकेत आधी एकदा खेळून झाला होता आणि तेव्हा तोंडघशी पडले होते ते टीव्हीवाले.

२३ नोव्हेंबर १९८६ ला सीबीएसच्या सिक्स्टी मिनिट्स कार्यक्रमात ऑडी ५००० वर एक भाग आला. गियर पार्कमधून काढला की गाडी आपोआप झेप घेते अशा तक्रारी होत्या, माणसं मेली होती, आणि रडणारे लोक पडद्यावर होते. त्यात एक दृश्य होतं ज्यात अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल कुणाचाही पाय न लागता खाली जाताना दिसतं. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येईल असं. नंतर बाहेर आलं की त्या गाडीच्या ट्रान्समिशनला भोक पाडून कॉम्प्रेस्ड हवेची टाकी जोडली होती. पण ऑडीचं व्हायचं ते नुकसान झालंच, अमेरिकेत १९८५ साली ७४,०६१ गाड्या विकणारी कंपनी १९९१ ला १२,२८३ वर आली.

मार्च १९८९ मध्ये एनएचटीएसएचा अहवाल आला. निष्कर्ष असा की बहुतेक केसमध्ये ड्रायव्हरचा पाय चुकीच्या पेडलवर होता. पण हा अहवाल लोक अर्धाच सांगतात. त्यात असंही होतं की आयडल स्पीड (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तो वेग) सांभाळणारी यंत्रणा बिघडली की इंजिन अचानक थोडं उसळतं, ड्रायव्हर दचकतो, आणि दचकून पाय मारताना चुकीच्या पेडलवर मारतो. म्हणजे ठिणगी गाडीची आणि वणवा पायाचा. शिवाय पेडलांची जागा आणि उंची यावरही चूक होण्याची शक्यता कमी जास्त होते. ऑडीने तोवर एक साधी गोष्ट करून टाकली होती, ब्रेक दाबल्याशिवाय गियर पार्कमधून निघणारच नाही असं लॉक. आज जवळपास प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत ते असतं आणि ते कुठून आलं हे कुणालाच आठवत नाही.

त्याच वर्षी रिचर्ड श्मिट या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने एक पेपर लिहिला. त्यातला मुद्दा कळला नाही तर बाकी सगळी चर्चा वाया. पायाला डोळे नसतात, मेंदू “ब्रेक” असा हुकूम सोडतो आणि पाय अंदाजाने जातो. हजार वेळा बरोबर जातो, एखाद्या वेळी चार इंच उजवीकडे पडतो. आता गाडी पुढे उसळते. ड्रायव्हरच्या डोक्यात मात्र पाय ब्रेकवरच आहे, मग तो काय करणार, अजून जोरात दाबणार! गाडी अजून पळते आणि त्याला वाटतं ब्रेक फेल झाले. अशा वेळी माणूस गोठतो, पाय उचलून परत टाकून बघावा हे सुचतच नाही. म्हणून नंतर तो शपथेवर सांगतो की मी ब्रेकच दाबला होता, आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्यापुरतं ते शंभर टक्के खरं असतं. या विषयावर वाद घालणारे निम्मे लोक इथेच घसरतात, दावा चूक निघाला की लगेच माणूस लबाड ठरवतात.

२००३ साली सांता मोनिकाच्या बाजारात ८६ वर्षांच्या गृहस्थांनी गाडी गर्दीत घातली, १० जण गेले, तपासाचा निष्कर्ष तोच, पेडलची चूक. अशा अपघातांत एक अगदी तरुण आणि एक अगदी म्हातारे, ही दोन टोकं जास्त दिसतात.

तर २००९ पर्यंत इंजिनिअर लोकांचं मत पक्कं झालं होतं. कुणी म्हणालं गाडी आपोआप पळाली की उत्तर तयार, पाय चुकला. आणि नेमकं तेव्हाच ते उत्तर खोटं ठरवणारी घटना घडली.

२८ ऑगस्ट २००९, पुन्हा सॅन दिएगोजवळच, सँटी. हायवे पेट्रोलचा एक अधिकारी, ड्युटीवर नसताना, डीलरने तात्पुरती दिलेली लेक्सस ईएस ३५० चालवत होता, सोबत घरचे तिघं. अ‍ॅक्सिलरेटर खाली अडकला तो सुटेना. मागच्या माणसाने ९११ ला फोन केला, आणि फोन चालू असतानाच गाडी उडाली. चौघंही गेले. आता याला पाय चुकला कसं म्हणणार, ज्याचं आयुष्य पोलीस गाडी चालवण्यात गेलं त्याला? तपासात कळलं की गाडीत दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकली होती आणि तिच्यात पेडल अडकलं होतं. त्या गाडीत किल्ली नव्हती, बटण होतं, आणि चालत्या गाडीत इंजिन बंद करायला ते बटण सलग तीन सेकंद दाबून धरावं लागायचं. जीव जात असताना हे कुणाला ठाऊक असणार.

त्यानंतर टोयोटाचं जे झालं ते माहितीच असेल. मॅटसाठी लाखो गाड्यांचा रिकॉल (दुरुस्तीसाठी परत बोलावणं), मग जानेवारी २०१० मध्ये दाबल्यावर परत वर यायला कुरकुरणाऱ्या पेडलसाठी अजून २३ लाख, फेब्रुवारीत कंपनीचे अध्यक्ष अकिओ टोयोडा स्वतः अमेरिकन काँग्रेससमोर (म्हणजे संसदेसमोर). या वातावरणात, दोन आठवड्यांच्या आत, तो प्रियसवाला फोन आला. म्हणूनच सुरुवातीला सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि म्हणूनच नंतर उलट बाजूने तेवढ्याच जोरात डोळे मिटले.

मॅट आणि चिकट पेडल सोडून तिसरा संशय होता इलेक्ट्रॉनिक्सचा. पूर्वी पेडलपासून इंजिनपर्यंत केबल असायची, आता पेडलवर सेन्सर आणि थ्रॉटल उघडतो कॉम्प्युटर. केबल अडकली तर अडकलेली दिसते, सॉफ्टवेअर चुकलं तर गाडी परत चालू करेपर्यंत पुरावा गेलेला असू शकतो. हे शोधायला थेट नासाच्या इंजिनिअरांना बसवलं. दहा महिने. ८ फेब्रुवारी २०११ ला उत्तर आलं, थ्रॉटल असा मोठा उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. पेडलच्या सेन्सरमध्ये कथिलाचे केसासारखे बारीक तंतू वाढलेले मात्र त्यांना सापडले, ज्यांनी शॉर्ट सर्किट होऊ शकतं. त्याआधी ऑगस्ट २०१० मध्ये ५८ अपघातग्रस्त टोयोटांच्या ब्लॅक बॉक्सची (धडकेआधीच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्राची) नोंद आली होती, त्यातल्या ३५ मध्ये ब्रेक अजिबात दाबलेला नव्हता.

तोवर एका अमेरिकन कार मासिकाने सरळ प्रयोगच करून टाकला होता. व्ही ६ कॅमरी ताशी ७० मैलांवर (म्हणजे ११२ किमी), अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि वरून ब्रेक. गाडी १९० फुटांत थांबली, एरवी थांबते त्यापेक्षा फक्त १६ फूट जास्त. ब्रेक इंजिनपेक्षा ताकदवान असतात हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं. पण यात एक गोम आहे. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम तयार होत नाही, त्यामुळे ब्रेक एकदाच दाबून धरला तर ठीक, घाबरून सोड दाब सोड दाब केलं तर साठलेला व्हॅक्युम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

इथे विषय संपायला हवा होता ना? नाही संपला. ऑक्टोबर २०१३ ला ओक्लाहोमात २००५ च्या कॅमरीच्या खटल्यात सॉफ्टवेअर तज्ज्ञ मायकेल बार यांनी साक्ष दिली की थ्रॉटलच्या प्रोग्रॅममध्ये गंभीर त्रुटी आहेत, प्रोग्रॅमचं एखादं काम मधेच बंद पडू शकतं आणि सुरक्षेची यंत्रणा ते पकडेलच असं नाही. ज्युरीने कंपनीच्या विरोधात निकाल दिला. त्या अपघातात नेमकं तेच घडलं हे दाखवणारा पुरावा नव्हता, घडू शकतं एवढाच होता, आणि माझ्या मते हा फरक फार मोठा आहे. मग मार्च २०१४ मध्ये टोयोटाने अमेरिकन सरकारला १.२ अब्ज डॉलर मोजले, सॉफ्टवेअरसाठी नाही तर मॅट आणि पेडलच्या दोषाबद्दल ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून. आता सांगा, ड्रायव्हर चुकला असं तीच कंपनी म्हणते तेव्हा किती विश्वास ठेवायचा?

आणि या सगळ्यात मला सर्वात जास्त टोचते ती मिनेसोटाची केस. २००६, सेंट पॉल. १९९६ च्या कॅमरीतून एक माणूस घरच्यांना घेऊन चर्चहून परत येत होता, हायवेवरून उतरताना गाडी थांबली नाही आणि पुढच्या गाडीवर आदळली, त्यात शेवटी तिघं गेले. तो पहिल्यापासून एकच सांगत होता, ब्रेक दाबत होतो. कुणी ऐकलं नाही, अगदी त्याच्या वकिलानेसुद्धा कोर्टात पाय चुकला असेल असंच मांडलं. आठ वर्षांची शिक्षा झाली. २०१० मध्ये टोयोटाच्या बातम्या आल्या म्हणून फाईल परत उघडली, ऑगस्टमध्ये तो सुटला. २०१५ च्या दिवाणी खटल्यात ज्युरीने टोयोटाला ६० टक्के जबाबदार धरलं, पण ४० टक्के त्यालाही. म्हणजे ज्युरीलाही एका बाजूला झुकता आलं नाही.

पुढच्या गाड्यांत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही दाबले तर ब्रेकचं ऐकायचं ही सोय सर्रास आली. टेस्लावरही तीच तक्रार आली, जानेवारी २०२१ मध्ये एनएचटीएसएने ती फेटाळली, कारण पुन्हा पेडलची चूक. पण २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच टेस्लाला ३,८७८ सायबरट्रक परत बोलवावे लागले, कारण अ‍ॅक्सिलरेटरवरची पट्टी सरकून अडकू शकत होती, आणि ती सरकायचं कारण काय तर बसवताना वापरलेला साबण! कितीही कॉम्प्युटर घाला, शेवटी अडकतं ते साधं यांत्रिकच काहीतरी.

जपानमध्ये एप्रिल २०१९ ला टोकियोच्या इकेबुकुरोत ८७ वर्षांच्या निवृत्त बड्या अधिकाऱ्याच्या प्रियसखाली एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. खटला संपेपर्यंत ते गाडीलाच दोष देत राहिले, पण नोंदी उलट निघाल्या आणि २०२१ ला पाच वर्षांची शिक्षा झाली. दक्षिण कोरियात तर या विषयावर देश दुभंगलाय. १ जुलै २०२४ ला सोलच्या सिटी हॉल स्टेशनजवळ ९ जण गेले, ६८ वर्षांचा ड्रायव्हर म्हणाला गाडी आपोआप सुटली, आणि फॉरेन्सिकवाल्यांना त्याच्या उजव्या बुटाच्या तळव्यावर अ‍ॅक्सिलरेटर पेडलचा ठसा मिळाला.

बुटावर जायची वेळ का आली? कारण ब्लॅक बॉक्स पाय बघत नाही. सेन्सरने कॉम्प्युटरला काय सांगितलं तेवढंच तो लिहितो, आणि संशय तर नेमका त्या सेन्सर आणि कॉम्प्युटरवरच. आरोपीनेच पंचनामा लिहायचा असं वाटतं लोकांना, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. जुन्या नोंदी तर धडकेआधीच्या पाचेक सेकंदांच्याच असायच्या. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की त्या वीस सेकंदांच्या हव्यात.

कोरियातल्या लोकांनी त्यावर आपला उपाय काढलाय, पेडलांवर रोखलेला छोटा कॅमेरा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सोलमध्ये एक इलेक्ट्रिक टॅक्सी भिंतीवर आदळली. पासष्टीचा अनुभवी ड्रायव्हर ठामपणे म्हणाला की मी ब्रेक अनेकदा दाबला, गाडी ऐकेना. टॅक्सीत पायापाशी कॅमेरा होता. त्यात दिसतं की त्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर सहा वेळा पडला आणि उठला, सातव्यांदा पडला तो धडकेपर्यंत तिथेच राहिला. ब्रेकला तो एकदाही शिवला नव्हता.