कुत्र्याच्या नाकातला कूलर

मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला सोलापुरातली भटकी कुत्री कुठे गडप होतात हे बघायचं असेल, तर गळका व्हॉल्व्ह शोधावा. पाइपलाइनच्या कडेला जिथे ओल झिरपत असते, तिथली तापलेली माती ती पंजांनी उकरून काढतात आणि खालच्या गार चिखलात पोट टेकून पसरतात. पोटावर केस विरळ, कातडी पातळ. अंगातली उष्णता जमिनीत सोडायला याहून चांगली जागा नाही. पाळलेल्या कुत्र्याला असं उकरायला काही नसतं. आपण देऊ ती फरशी आणि आपण ठरवू ती फिरायची वेळ.

आपल्याला अंगभर घाम येतो आणि तो वाळताना अंग गार होतं. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांवर असतात, अंग गार करायला त्यांचा फारसा उपयोग नाही. त्याची सगळी भिस्त धापांवर. एरवी मिनिटाला 15 ते 30 श्वास घेणारं कुत्रं धापा टाकू लागलं की आकडा तीनशेच्या वर जातो. एवढ्या मेहनतीनं ते आणखीच तापायला हवं, पण तसं होत नाही. छातीची लवचीक चौकट ज्या वेगानं आपसूक मागेपुढे होऊ शकते, साधारण त्याच वेगानं ते धापा टाकतं, त्यामुळे स्नायूंना जोर फार कमी लावावा लागतो.

खरी गंमत नाकात आहे. प्राण्यांच्या शरीरक्रियांचे अभ्यासक क्नूट श्मिट-नीलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 साली दाखवलं, की धापा टाकताना कुत्रं हवा मुख्यतः नाकानं आत घेतं आणि तोंडानं बाहेर टाकतं. नाकाच्या आत हाडांच्या पातळ पापुद्र्यांची गुंडाळी असते आणि तिच्यावर ओलसर अस्तर. त्यावरून हवा गेली की पाण्याची वाफ होते आणि अस्तरातलं रक्त गार होतं. ओल टिकवायला नाकात वेगळी ग्रंथी आहे, ऊन वाढेल तसं तिचं पाझरणं वाढतं. वाळ्याच्या पॅडवर पंप पाणी सोडतो आणि पंखा त्यातून हवा ओढतो, तो आपला घरचा कूलर याच तत्त्वावर चालतो.

एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. म्हणजे पेलाभर, 200 मिली पाणी वाफ होऊन गेलं, तर 30 किलोच्या लॅब्राडॉरच्या अंगातून इतकी उष्णता जाते की एरवी त्याचं तापमान चार-साडेचार अंशांनी वाढलं असतं. हवा 43 अंशांवर गेली की ती कुत्र्याच्या अंगापेक्षा गरम असते. तेव्हा वारासुद्धा तापवतोच, आणि वाफ एवढाच मार्ग उरतो. भांडं कोरडं पडलं की तोही बंद. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात माणसांची भांडी आधी भरली जातात, ते समजण्यासारखं आहे. पण कुत्र्याचं भांडं त्या हिशेबात धरलेलं असावं.

मात्र एप्रिल-मेमधली आपली हवा कोरडी ठणठणीत असते आणि कोरड्या हवेत वाफ भराभर होते. म्हणून मला मेपेक्षा जूनची जास्त धास्ती वाटते. वळवाचा एखादा शिडकावा होऊन जातो, पारा 36-37 वर उतरतो, माणसं ‘सुटलो’ म्हणतात आणि कुत्र्याला पुन्हा दुपारी गच्चीवर बांधायला लागतात. हवेत मात्र दमटपणा भरलेला असतो. वाफ होत नाही, धापा फुकट जातात. मेमध्ये प्रश्न पाण्याचा असतो, जूनमध्ये हवेचा. सप्टेंबरच्या पावसानंतरच्या उकाड्यातही हेच. याच दिवसांत बंद खोलीत कूलर लावून कुत्र्याला आत कोंडून जाणं हा उलटा उपाय आहे. तासाभरात खोली दमट होते आणि आतलं जनावर घुसमटतं. कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी हवी. पावसाळी हवेत नुसता पंखा बरा. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत तर नाकाची ती गुंडाळीच आखूड आणि दाटीवाटीची असते, हवा जायला वाट नाही. दिसायला गोंडस म्हणून अशी पिल्लं या गावात आणावीत का, याचा विचार घेण्याआधी करावा.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश, म्हणून आपल्या हाताला ते कायम जरा कोमटच लागतं. 41 च्या वर गेलं की अवयवांना इजा व्हायला लागते. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल झोकांड्या खाणारी, मग उलटी. असं दिसलं की आधी गार करायचं, मग दवाखाना गाठायचा. रिक्षा शोधण्यात गेलेली दहा मिनिटं महागात पडतात. अंगावर सारखं पाणी ओतावं आणि पंख्याखाली ठेवावं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवला तर तो लगेच तापतो आणि वाफ अडवतो. आणि हे पाणी गच्चीवरच्या टाकीचं नको, मेमध्ये दुपारी ते चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. हौदातलं किंवा सावलीतल्या बॅरलमधलं घ्यावं.

ब्रिटनमधल्या पाहणीत उष्माघाताची सुमारे तीन चतुर्थांश प्रकरणं कोंडल्यामुळे नव्हे, तर पळण्या-खेळण्यामुळे झालेली आढळली. म्हणून फिरायला सूर्य उगवायच्या आत जावं. संध्याकाळी सहाला विजापूर रोडवर आपल्याला वारं बरं वाटतं, पण डांबर अजून दुपारचंच असतं. 60 अंशांचा पृष्ठभाग माणसाची कातडी पाच-सहा सेकंदांत भाजू शकतो आणि कुत्र्याच्या गाद्या काही चपला नव्हेत. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघावी. टेकवत नसेल तर परत फिरावं.

मांजराचं गणित वेगळं. तिचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. 30 ते 38 अंशांत ती निवांत असते, अंग चाटते आणि लाळ वाळली की गार होते. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, तर मात्र ती गंभीर आजारी आहे असं समजून लगेच डॉक्टरांकडे न्यावं. तिची अडचण तहानेची आहे. मूळच्या कोरड्या मुलखात ती शिकारीच्या अंगातल्या पाण्यावर भागवत आली. तिची मूत्रपिंडं लघवी कमालीची घट्ट करू शकतात, त्यामुळे पाणी कमी पडलं तरी ती भांड्याकडे लगेच जात नाही. वर आपण तिला पाकिटातलं कोरडं खाद्य देतो. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, घट्ट लघवीतले खडे आणि चिकटा तिथे अडकतात. बोका लघवीला वारंवार बसतो, कण्हतो, थेंबही येत नाही, आणि घरचे बद्धकोष्ठ समजून घरगुती औषध देत बसतात. रक्तात पोटॅशियम साचून दीड-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, जेवणाच्या ताटलीपासून लांब, आणि खाण्यात थोडं ओलं असावं.

पाऊस सुरू झाला की गोचीड. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडेच. पिल्लू असताना, जरा मोठं झाल्यावर आणि पूर्ण वाढल्यावर, दर वेळी हा जीव रक्त पिऊन खाली उतरतो आणि भिंतीच्या फटीत दडतो. टम्म फुगलेली मादी भिंतीवर चढून एखाद्या कपारीत हजारो अंडी घालते. त्यामुळे नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. जुन्या दगडी वाड्याच्या भेगा, खाटेचे सांधे, चौकटीमागची पोकळी हे सगळं बघावं लागतं. याच गोचिडांतून टिक फीव्हर होतो. प्लेटलेट उतरतात, नाकातून रक्त येतं, खाणं सुटतं. वेळेत कळलं तर गोळ्यांनी बरा होतो. रॉकेल चोळण्याची पद्धत कृपा करून बंद करावी. कातडी भाजते आणि चाटलेलं रॉकेल फुप्फुसात जाऊ शकतं.

गोचिडांसाठी कुत्र्यांना लावायच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजरीला झटके येऊन ती दगावू शकते. विषारी पदार्थांना साखरेसारखा एक रेणू जोडून ते बाहेर टाकायचं काम यकृत करतं. मांजरीत ही यंत्रणा अर्धवट आहे, तिच्यातलं एक महत्त्वाचं जनुक फार पूर्वीच निकामी झालं. पॅरासिटामॉलची एक साधी गोळीसुद्धा तिला मारू शकते, ती याच कारणानं.

आता आपल्या शेंगाचटणीचं. तिच्यात लसूण असतो, आणि लसूण-कांद्यातली गंधकयुक्त रसायनं कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात. माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूत या हल्ल्याला बळी पडणाऱ्या जागा दोन, कुत्र्याच्या चार, मांजरीच्या आठ. चार किलोच्या मांजरीला 20 ग्रॅम कांदा पुरेसा आहे, आणि लसूण त्याहून जहाल. कडक भाकरीचा कोरा तुकडा खुशाल द्या, चटणी-रस्सा लागलेला नको.

रेबीजची लस हा तर चर्चेचा विषयच नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिला डोस, पुढे डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. चावा आपल्याला बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जायचं.

थंडी इथली सोसते, लहान पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना गोणपाट किंवा जुनी चादर बास. जानेवारीत त्रास आवाजाचा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दारूकाम सुरू झालं की भोवतालच्या पेठांतली कुत्री माळ्यावर, मोरीत, जिन्याखाली शिरतात. आपल्याला 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंत, मांजरीला त्याहूनही वर. त्यांनी शोधलेल्या कोपऱ्यातून त्यांना ओढून काढू नये. खिडक्या लावाव्यात, टीव्ही जरा मोठा ठेवावा. फारच घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टरांना आठवडाभर आधी भेटावं, कारण नुसती गुंगी आणणाऱ्या काही औषधांनी जनावर हलेनासं होतं, पण भीती तशीच राहते. चांगलं औषधही आधी एकदा देऊन बघावं लागतं. आणि त्या रात्री पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहिलेला असू द्यावा, घाबरलेलं कुत्रं सात रस्ता चौकापर्यंतही पळत जातं.