संहितेलगतचे अंतर्गत दस्तऐवजीकरण

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पात वापरकर्त्यांसाठी नव्हे, तर त्या प्रकल्पावर काम करणाऱ्या विकासकांसाठी लिहिलेली टिपणे, रचनेचे खुलासे आणि निर्णयांच्या नोंदी सोर्स कोडच्याच रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या फाइली व त्यांच्या बदलांचा इतिहास साठवणाऱ्या भांडारात) ठेवण्याची पद्धत. बोलण्यात ‘डॉक्स रिपोतच ठेवा’ एवढेच म्हटले जाते. कोड बदलणारी कमिट (त्या इतिहासातील बदलाची एक नोंद) आणि त्या बदलाचे कारण सांगणारा मजकूर यांचा इतिहास एकच राहावा, हा तिचा गाभा होय.

या पद्धतीचे मूळ कोठे मानावे, याविषयी मतभेद आहेत. एक मत ते युनिक्स या संगणक प्रणालीच्या नियमपुस्तिकेत शोधते. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत अनेक आज्ञांच्या पानांवर ज्ञात दोषांचे स्वतंत्र कलम आढळते. मात्र ती पाने मुख्यतः वापरणाऱ्यासाठी होती. दुसरे मत संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या ‘लिटरेट प्रोग्रामिंग’ या कल्पनेकडे बोट दाखवते. त्यांच्या ‘वेब’ प्रणालीत एकाच फाइलमधून ‘टँगल’ हा प्रोग्राम पास्कल भाषेतील कोड काढी आणि ‘वीव्ह’ छपाईयोग्य मजकूर तयार करी. तेथे कोड विवेचनाच्या पोटात बसतो. आजच्या पद्धतीत विवेचन कोडच्या शेजारी येते, हा फरक किरकोळ नाही. पर्ल ५ (१९९४) या प्रोग्रामिंग भाषेतील ‘पॉड’ आणि जावा भाषेतील नंतरचे जावाडॉक या कोडमध्येच दस्तऐवज लिहिण्याच्या सोयी मधले दुवे खरे, पण त्यांचा भर फंक्शन कसे वापरावे यावर आहे, ते तसे का लिहिले यावर नाही. म्हणून आजच्या अर्थाने ही पद्धत आवृत्ती-नियंत्रणाच्या (फाइलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालींच्या) प्रसाराबरोबर, विशेषतः गिट (२००५) ही तशी प्रणाली आल्यावर स्थिरावली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

लिनक्स कर्नलच्या (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या) कोडवृक्षातील ‘डॉक्युमेंटेशन’ ही निर्देशिका तिचे सर्वपरिचित उदाहरण. तेथील मजकूर २०१६ मध्ये, ४.८ या आवृत्तीपासून, स्फिंक्स या दस्तऐवज तयार करणाऱ्या साधनाकडे वळू लागला. कर्नलमध्ये स्थिर अंतर्गत इंटरफेस (आतील भागांनी एकमेकांशी जोडण्याची न बदलणारी रीत) का ठेवला जात नाही, याचे सविस्तर विवेचन करणारी फाइलही याच निर्देशिकेत आहे.

देवनागरीवर काम करणाऱ्यांना अशा टिपणांची निकड अधिक जाणवते. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. त्यामुळे एकाच लिपीतील दोन भाषांचा मजकूर एकाच प्रोग्राममधून जाण्याचे प्रसंग येथे स्वाभाविक आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे सह्याद्रीतल्या खोल जागा, हा भेद केवळ रफार आणि अर्ध्या ‘ऱ’चा आहे. युनिकोड या अक्षरांना संकेतांक देणाऱ्या प्रमाणात हा अर्धा ‘ऱ’ ०९३१ या संकेताला हलन्त जोडून लिहितात. जुन्या मजकुरात ‘र’, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (अक्षरे जोडणारा न दिसणारा वर्ण) अशी रचनाही सापडते. शिवाय ०९३१ चे विघटन ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) असे होते. शोध सोपा व्हावा म्हणून कोणी नुक्ते व अदृश्य जोडक सरसकट गाळले, तर दऱ्यांचा दर्या होतो आणि प्रोग्राम कोणतीही त्रुटी दाखवत नाही. हे वर्ण का गाळू नयेत, हे त्या फंक्शनच्या डोक्यावर चार ओळींत लिहिलेले असले, तरच कोड नीटनेटका करू पाहणारा नवा विकासक तेथे थबकतो. वेगळ्या विकीत लिहिलेली तीच सूचना त्याच्या नजरेस पडेलच असे नाही.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, २.१ (२००१) या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या डॉकटेस्ट या साधनामुळे टिपणातील नमुने चालवून तपासता येतात. वरील दोन शब्दांचा नमुना तेथे ठेवला, तर पुढे नुक्ता गळताच चाचणी अपयशी ठरते. कारणे सांगणारा मजकूर मात्र यंत्राला असा पडताळता येत नाही. तो पॅच (सुचवलेला बदल) तपासणाऱ्यानेच कोडसोबत वाचावा लागतो.