एख्थ्रा

एख्थ्रा हा ग्रीक शब्द, अर्थ वैर. नव्या करारात तो फक्त 6 वेळा येतो, आणि मराठी बायबलने त्याला 'वैर'च म्हटलंय ते एकदम फिट बसतं, कारण राग संध्याकाळपर्यंत उतरतो पण वैर दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरतं. "वैऱ्यांवर प्रीती करा" (मत्तय 5:44) मधला वैरी म्हणजे एख्थ्रोस, तो ह्याच कुळातला. जुन्या ग्रीकमध्ये लढाईतला शत्रू तो पोलेमिओस आणि ज्याच्याशी आपलं स्वतःचं वाकडं तो एख्थ्रोस असा फरक होता, बायबलच्या ग्रीकमध्ये मात्र एख्थ्रोस दोन्हीकडे चालतो.

जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात एदेन बागेत देव साप आणि स्त्री यांच्यात जे वैर घालतो (उत्पत्ती 3:15) तिथेही हाच शब्द आहे. लूक 23:12 मध्ये रोमी सुभेदार पिलात आणि गालीलचा शासक हेरोद यांचं आधी वैर होतं आणि खटल्यात येशूला इकडून तिकडे पाठवलं त्याच दिवशी ते दोस्त झाले, आता वैर मिटायला मुहूर्त कुठला मिळाला बघा! गलतीकरांस पत्रात (5:20) हा शब्द अनेकवचनात येतो आणि लगेच पुढे एरिस म्हणजे भांडण, म्हणजे हे पत्र लिहिणाऱ्या पौलासाठी भांडण वेगळं आणि मनात धरून ठेवलेलं वैर वेगळं. रोमकरांस 8:7 आणि याकोब 4:4 मध्ये हे वैर थेट देवाशी आहे.

पण खरी मजा इफिसकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात आहे, तिथे 14 आणि 16 अशा दोन ओवींत हा शब्द येतो, विषय यहुदी आणि परराष्ट्रीय (म्हणजे यहुदी नसलेले) यांच्यातलं वैर, आणि त्याला जोडून मधली आडभिंत पाडल्याची गोष्ट. यरुशलेमच्या मंदिरात खरंच एक कठडा होता, परक्याने तो ओलांडला तर मरणाला तोच जबाबदार असं ग्रीकमध्ये कोरलेलं असायचं, तसा एक अख्खा दगड 1871 मध्ये सापडला, तो आता इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. बरेच अभ्यासक म्हणतात पत्रातली भिंत ती हीच, काहींच्या मते ते नियमशास्त्राचं, म्हणजे यहुद्यांच्या धर्मनियमांचं, कुंपण आहे, मला दोन्ही एकत्रच वाटतात कारण त्या कठड्यामागे शेवटी नियमच होता ना. आणि 16व्या ओवीतलं क्रियापद तर चक्क ठार मारण्याचं आहे, वैर मिटवलं असं न म्हणता वधस्तंभावर वैराचाच जीव घेतला.