कोराडीची वाफ आणि आंघोळीची बादली

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब होता. थंडीत पहाटे आजी उठायची आणि त्यात पऱ्हाट्या, तुराट्या, नारळाच्या शेंड्या सारायची. बंबाच्या मधोमध एक उभं नळकांडं, त्यात जाळ आणि नळकांड्याभोवती पाणी. धूर वर निघून जाण्याआधी आपली बरीच उष्णता पाण्याला देऊन जायचा. पुढे बॉयलरची रचना शिकलो तेव्हा ओळख पटली, तत्त्व हेच. त्या बंबाचा एक गुण मला आज फार मोलाचा वाटतो. किती सरपण जळलं, ते कोपऱ्यातल्या ढिगाकडे बघून घरातल्या प्रत्येकाला कळायचं. पाण्याची शेवटची बादली जपून वापरा, असं कुणाला सांगावं लागत नसे.

आता भिंतीवर गिझर आहे. ढीग अजूनही आहे, पण तो शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांत आहे, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही.

त्या ढिगातलं किती आपल्या वाट्याला येतं, ते एका बादलीवरून काढता येतं. डिसेंबरात नागपूरला पहाटेचा पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली असतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १५ अंश सेल्सिअस धरू. आंघोळीला ४० अंश पुरतात. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४.१९ किलोज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे २० लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला जवळजवळ २,१०० किलोज्यूल. विजेच्या भाषेत ०.५८ युनिट.

हा आकडा छोटा वाटतो, म्हणून त्याला दुसरं माप लावून पाहा. तेवढीच ऊर्जा बादली वर उचलायला वापरली, तर ती भरलेली बादली साडेदहा किलोमीटर उंच जाईल. एव्हरेस्टची उंची नऊ किलोमीटरही नाही. पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता इतकी मोठी आहे, आणि ही बादली घरातलं प्रत्येक माणूस रोज सकाळी उचलतं. चौघांच्या घरात दिवसाला २.३ युनिट, महिन्याला ७० युनिट फक्त आंघोळीचे. महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांनंतर पायरीपायरीने चढतो. हे ७० युनिट बिलात सगळ्यात वर बसतात, म्हणून ते बहुधा तुमच्या महागड्या पायरीवरचे असतात.

या ७० युनिटांचा मागचा प्रवास मला खरं अस्वस्थ करतो. औष्णिक वीज केंद्रात कोळसा जाळून पाणी तापवतात. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या नव्या संचांत वाफेचं तापमान साडेपाचशे अंशांच्या वर जातं. त्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि वीज तयार होते. कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा, नव्या संचांत त्याहून थोडा जास्त, विजेच्या रूपात हाती लागतो. उरलेली उष्णता शीतक मनोऱ्यांतून आणि धुराड्यांतून हवेत जाते. काही वीज तारांमध्ये गळते. उरलेली आपल्या घरी येते आणि आपण तिने परत पाणीच तापवतो, तेही फक्त ४० अंशांपर्यंत.

यात आणखी एक वळण आहे. भांडेवाडीच्या केंद्रात शहराचं सांडपाणी शुद्ध होतं आणि ते कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत वापरलं जातं. गोडं पाणी वाचवणारी ही चांगली योजना आहे. पण तिच्यामुळे एक चित्र पूर्ण होतं. पेंच आणि कन्हान नद्यांचं पाणी आपण आंघोळीसाठी तापवतो, ते मोरीतून नाल्याला लागतं आणि त्यातलं काही शेवटी आपल्याच विजेपायी वाया चाललेली उष्णता वाहून न्यायला उभं राहतं.

वीज ही ऊर्जेची सर्वांत गुणी जात. तिने मोटार फिरते, दिवा लागतो, संगणक चालतो. कोमट पाण्याला एवढी गुणी ऊर्जा लागत नाही. त्याला साधी, कमी तापमानाची उष्णता चालते आणि तशी उष्णता नागपूरच्या गच्चीवर ऐन थंडीतही दिवसभर पडलेली असते.

सोलरकडे, म्हणजे उन्हावर पाणी तापवणाऱ्या संचाकडे, वळण्यापूर्वी गिझरबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. पाच तारे असलेला गिझर पाणी कमी विजेत तापवतो, असं बहुतेकांना वाटतं. तापवण्याच्या बाबतीत एक तारा आणि पाच तारे यांत फारसा फरक नाही, कारण पाण्यात बुडालेली कॉइल तिला मिळालेली जवळजवळ सगळी वीज उष्णतेत बदलते. साठवणीच्या गिझरवरचे तारे सांगतात, तापवून ठेवलेल्या पाण्यातून चोवीस तासांत किती उष्णता निसटते ते. तुमचा गिझर दिवसभर चालू राहत असेल तर तारे मोलाचे आहेत. आंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटं लावून बंद करत असाल, तर नव्या गिझरपेक्षा बटणाची शिस्त जास्त वाचवते. थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास ठेवा. पाणी जितकं जास्त तापलेलं तितकी गळती जास्त, आणि ६० अंशांच्या पाण्याने लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते.

बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांनी क्षाराकडेही पाहावं. पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम पांढऱ्या थरासारखं कॉइलवर बसतं. या थराने वीज फार वाया जात नाही, उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण ती बाहेर पडायला अडते, कॉइल आतून जास्त तापते आणि जळते. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी तो काढून बघायला सांगा. बरेच गिझर दोनशे-चारशे रुपयांच्या दुर्लक्षामुळे भंगारात जातात.

आता गच्चीवर जाऊ. सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवण्याचा पहिला पेटंट घेतलेला धंदेवाईक बंब अमेरिकेत १८९१ मध्ये क्लॅरेन्स केम्पने विकायला काढला. काचेच्या पेटीत काळ्या रंगाच्या टाक्या, एवढाच. दुपारी पाणी छान तापायचं आणि रात्री निवायचं. १९०९ मध्ये विल्यम बेलीने तापणारा भाग आणि साठवणारी टाकी वेगळी केली आणि टाकीला उष्णतारोधक आवरण घातलं. आज आपल्या गच्चीवर जे बसतं, ते मुळात बेलीचंच. तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, थंड पाणी खाली येतं, पंप लागत नाही. अट एकच, गरम पाण्याची टाकी तापणाऱ्या भागाच्या वर हवी आणि थंड पाण्याची टाकी तिच्याही वर हवी. नागपूरच्या कितीतरी घरांत पाण्याची टाकी स्लॅबवरच टेकलेली असते. सोलर घेताना लोखंडी स्टँडचा खर्च आधीच धरा.

प्रकार दोन. एकात काचेखाली तांब्याच्या नळ्यांचा काळा पत्रा असतो. दुसऱ्यात दुहेरी काचेच्या नळ्या आणि त्या दोन काचांमध्ये थर्मासप्रमाणे निर्वात पोकळी. क्षाराचं पाणी असेल तर काचेच्या नळ्या बऱ्या पडतात. तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने लवकर चोंदतात.

नागपूरच्या सोलरबाबत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते त्याच्या कलाकडे, म्हणजे तिरपेपणाकडे. आपण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून फक्त ४५ अंशांवर असतो. गच्चीवर आडव्या ठेवलेल्या पत्र्यावर तेव्हा ऊन तिरकं पडतं आणि जोर ७१ टक्क्यांवर येतो. तोच पत्रा दक्षिणेकडे तोंड करून ३५ अंशांनी उभारला, तर ९८ टक्के ऊन पकडतो. म्हणून आपल्याकडे सोलरचा कल अक्षांशापेक्षा १०-१५ अंशांनी जास्त हवा, कारण आपल्याला ऊन हिवाळ्याचं पकडायचं आहे. सावलीचंही तसंच. त्या दिवसांत दुपारी वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी पडते आणि सकाळी नऊच्या सुमारास जवळजवळ दुप्पट. मे महिन्यात गच्ची बघून जागा ठरवलीत, तर दक्षिणेचा कडुलिंब किंवा शेजारचा जिना डिसेंबरात आडवा येतो. जागा थंडीतच ठरवावी.

पाइपची गोष्टही अशीच दुर्लक्षित. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत १५ मीटर पाइप असेल आणि त्याचा आतला व्यास २० मिलिमीटर असेल, तर त्यात पावणेपाच लिटर पाणी मावतं. नळ उघडल्यावर आधी ते गार पाणी येतं. नळ बंद केल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात अडकून निवतं. चौघं जण तासातासाच्या अंतराने आंघोळ करणार असतील तर जवळजवळ एका बादलीची उष्णता भिंतीला जाते. पाइप जमेल तितका अरुंद आणि आखूड ठेवा, त्याला आवरण घाला आणि आंघोळी पाठोपाठ उरका. पहिलं गार पाणी बादलीत धरलं तर कपड्यांना होतं.

आता पैशाचा प्रश्न, आणि इथे माझं मत स्पष्ट आहे. सोलर विकणारे वर्षाचे तीनशे दिवस धरून बचत दाखवतात. बेंगळुरूला ते पटेल. नागपूरला गरम पाणी लागतं ते दिवाळीच्या अभ्यंगस्नानापासून महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाईपर्यंत. मे महिन्यात तर टाकीचंच पाणी अंगावर घेववत नाही आणि आपण रात्रीच बादल्या भरून निववत ठेवतो. म्हणून १२० दिवस धरा. चौघांचे साधारण २८० युनिट. तुमचा वरच्या पायरीचा दर युनिटला १० रुपये पडत असेल तर वर्षाला २,८०० रुपये. सोलरच्या कोटेशनला या आकड्याने भागा, म्हणजे किती वर्षांत पैसे वसूल होतात ते कळेल. मोठं कुटुंब असेल, घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल आणि पाणी जास्त दिवस लागत असेल, तर हिशेब पटकन जमतो. दोघांच्याच घरात तो फार लांबतो. अशा घराने गिझरची शिस्त आणि पाइपचं आवरण यावर भागवलं तरी त्यात काही कमी नाही.

उष्मा पंप हा तिसरा मार्ग अजून आपल्याकडे कमी दिसतो. हे यंत्र म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, उष्मा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो. तो उष्णता तयार करत नाही, फक्त वाहून आणतो, म्हणून एका युनिटमध्ये तीन-साडेतीन युनिटांची उष्णता देऊ शकतो. हवा जितकी उबदार तितकं त्याचं काम सोपं. नागपूरच्या थंडीची खासियत म्हणजे पहाटे दहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस. तेव्हा उष्मा पंप दुपारी चालवून पाणी टाकीत साठवावं. ज्यांच्या गच्चीवर वीज बनवणारे सोलर पॅनेल आधीच आहेत त्यांना हे फार शोभतं. पॅनेल उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतं, पंप त्याचे तिपटीहून अधिक करतो आणि एकूण हिशेब पाणी तापवणाऱ्या सोलरच्या बरोबरीला येतो. यंत्र मात्र महाग आहे. एका घरापेक्षा वसतिगृह, रुग्णालय किंवा फ्लॅट स्कीमला ते आधी परवडेल.

गॅस गिझरबद्दल एवढंच सांगतो. तो न्हाणीघराच्या आत नकोच. बंद खोलीत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस गुदमरण्याआधी सुस्तावतो, म्हणून दार उघडायचं सुचत नाही. गॅस गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर बसवा आणि आत फक्त नळ घ्या.

थंडी संपली की सोलरला तसंच उघडं सोडू नका. एप्रिल-मे महिन्यात वापर नसलेल्या टाकीतलं पाणी उकळीला येतं, रबरी वायसर कडक होतात, क्षार भराभर बसतो. काचेच्या नळ्या भर उन्हात रिकाम्या करून त्यात गार पाणी सोडलं तर त्या तडकतात, म्हणून पाणी भरलेलंच राहू द्या आणि वरून ऊन अडवा. ज्या दिवशी माळ्यावरून कूलर काढाल आणि त्याला नवा खस लावाल, त्याच दिवशी सकाळी ऊन चढण्याआधी गच्चीवर जाऊन सोलरवर गोणपाट बांधून या.