सुजलेल्या पायांचं कोडं

कुपोषित मूल म्हटलं की हाडांचा सापळा डोळ्यांसमोर येतो. पण एका प्रकारच्या कुपोषणात मूल चक्क भरलेलं दिसतं. गाल फुगलेले, पोट मोठं, पाय जाड. त्या पायावर अंगठा दाबून उचलला की पडलेली खळी तशीच राहते. ते बाळसं नसतं, पाणी असतं.

जमैकात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स १९२९ साली गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, रुजू झाल्या तेव्हा अशी मुलं दगावत होती. गा भाषेत या आजाराला नाव होतं: क्वाशिओर्कर. पाठचं भावंड आलं की थोरल्याला होणारा आजार. निम्मं निदान त्या नावातच होतं! आईचं दूध तुटायचं आणि वाट्याला मुख्यतः मका उरायचा. बाईंनी १९३३ मध्ये हे छापलं, तर काही तज्ज्ञ म्हणाले, हा पेलाग्राच, म्हणजे जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आधीच ठाऊक असलेला आजार.

पण पाणी साचतं कशामुळे? यकृत अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तात सोडतं. हृदयाचा दाब केशवाहिन्यांतून पाणी बाहेर ढकलतो, अल्ब्युमिन ते आत ओढून धरतं. आता गंमत बघा. मूल पुरतं उपाशी असेल तर इन्सुलिन उतरतं, स्नायू मोडतात, त्यांतली अमिनो आम्लं यकृताला मिळतात. असं मूल सुकतं. मक्यासारख्या नुसत्या पिष्टावर (स्टार्चवर) इन्सुलिन चढं राहतं, स्नायू शाबूत राहतात, यकृताचा कच्चा माल तुटतो, अल्ब्युमिन घटतं, मूल सुजतं.

हा युक्तिवाद मला फार आवडतो. दुर्दैवाने तो पुरा पडत नाही. अल्ब्युमिन वाढण्याआधीच सूज उतरते, असं जमैकातल्या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवलं. मलावीत तर एकाच घरातल्या जुळ्यांपैकी एकाला क्वाशिओर्कर झाला आणि दुसरं धडधाकट राहिलं. २०१३ च्या त्या अभ्यासात संशय आतड्यातल्या जिवाणूंवर गेला. मधल्या काळात मात्र ‘जगाला प्रथिनं कमी पडताहेत’ अशी हाकाटी इतकी झाली, की प्रथिनांच्या पावडरी विकणारे अजून तिच्यावर जगतात.

विल्यम्सबाईंची बदली पुढे मलायात झाली. तिथे गोड कंडेन्स्ड दूध तान्ह्यांचं अन्न म्हणून खपवलं जात होतं. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात त्या त्यावर बोलल्या. भाषणाचं नाव होतं ‘दूध आणि खून’.