स्कॅन झालं, पण पुस्तकात शोधता येतंय का?

जुन्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ आता सगळीकडे दिसतात. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ पुस्तकं आपल्या साइटवर ठेवलीत, मोठ्या वाचनालयांनी स्कॅनर घेतलेत, आणि वार्षिक अहवालात 'आमचा दुर्मिळ संग्रह डिजिटल झाला' असं छापून येतं. चांगलंच आहे ते. पण यातली एखादी फाइल उघडा आणि सर्चमध्ये आपल्या गावाचं नाव टाकून बघा. बऱ्याचदा काहीच सापडत नाही, आणि तेच नाव दोन पानं पुढे सरकलं की समोर छापलेलं दिसतं.

कारण कॉम्प्युटरच्या लेखी त्या पानावर एकही अक्षर नाहीये, तो नुसता फोटो आहे. पावणेसहा इंच रुंद आणि सव्वाआठ इंच उंच असं नेहमीच्या पुस्तकाचं पान ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून स्कॅन केलं तर साधारण ४३ लाख ठिपके होतात, प्रत्येक ठिपक्याचा रंग साठवायला ३ बाइट, म्हणजे कॉम्प्रेस न केलेली फाइल १३ एमबीच्या घरात जाते. तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत टाइप केला, समजा पानावर १५०० चिन्हं आहेत (काना-मात्रा वेगळे धरून), तर देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, झाले साडेचार हजार बाइट. जवळपास ३००० पट फरक, आणि शोधता येतं ते या छोट्या फाइलमध्येच.

म्हणून स्कॅनिंग करूच नका असं मात्र नाही, कारण कागद आपल्यासाठी थांबणार नाहीये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद लाकडाच्या लगद्यापासून बनायला लागला, शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालायचे, त्या तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होतं आणि ते सेल्युलोजचे लांब धागे हळूहळू तोडत राहतं. दमट हवेत आणि उष्णतेत हे आणखी जोरात चालतं, त्यामुळे कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचनालयांची परिस्थिती जास्त कठीण. १९२०-३० च्या सुमाराचं पुस्तक उघडून पानाचा कोपरा जरा दुमडला की तुकडा हातात येतो, आणि त्याच्याही आधीचं, चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर छापलेलं पुस्तक कधीकधी त्यापेक्षा ठणठणीत असतं. तेव्हा फोटो काढून ठेवणं ही पहिली पायरी, ती हवीच. माझं म्हणणं एवढंच की बरीच वाचनालयं त्या पायरीवरच थांबलीत.

फोटोतून अक्षरं काढण्याला ओसीआर म्हणतात. फोनमधलं गूगल लेन्स पाटीवरचा मजकूर कॉपी करून देतं ते हेच. इंग्रजीत हे काम लवकर जमलं, कारण छापील इंग्रजी अक्षरं सुटी असतात, मधली पांढरी फट पकडली की अक्षर वेगळं काढता येतं. आपल्याकडे सगळी अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एका शिरोरेघेला लटकलेली. मग जुने प्रोग्राम काय करायचे, आधी पान निव्वळ काळं-पांढरं करायचं, तिरकं आलं असेल तर सरळ करायचं, आडव्या ओळींमधले काळे ठिपके मोजायचे, जिथे सगळ्यात जास्त भरतील ती शिरोरेघ, आणि ती पुसून टाकायची. रेघ गेली की अक्षरं सुटी होतात. वरच्या पट्ट्यात मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, मधल्या पट्ट्यात अक्षरं, खाली उकार.

ऐकायला सोपं वाटतं, पण घ आणि ध शेजारी शेजारी लिहून बघा, किंवा म आणि भ. या जोड्यांमधला फरक मुख्यतः शिरोरेघेपाशीच आहे, घ आणि म वर रेघ सलग जाते, ध आणि भ वर तुटते. म्हणजे ओळख पटायची जी जागा तीच आपण पुसून बसलो. त्यात जोडाक्षरं, त्यात छापखान्यातल्या जुन्या खिळ्यांची झिजलेली टोकं, पलीकडच्या पानाची फुटलेली शाई. शिळाप्रेसवर छापलेलं पुस्तक असेल तर ते हाताने लिहिलेल्या मजकुरावरून छापलेलं, म्हणजे एकच अक्षर एका पानावर चार तऱ्हांनी.

नवीन पद्धतीत अक्षरं तोडायच्या भानगडीत पडतच नाहीत. अख्खी ओळ एक पट्टी म्हणून न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणं बघून शिकलेल्या प्रोग्रामला देतात, ते बारीक उभ्या चकत्या बघत पुढे जातं, मागे काय दिसलं ते लक्षात ठेवतं आणि त्या संदर्भावरून इथे घ असेल की ध ते ठरवतं. टेसरॅक्ट नावाचा फुकट प्रोग्राम आहे, एचपी कंपनीत १९८० च्या दशकात सुरू झालेला, २००५ मध्ये सगळ्यांना खुला केलेला, २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून तो असा ओळच्या ओळ वाचतो आणि त्यात मराठीवर शिकवलेलं वेगळं मॉडेल आहे. साधा लॅपटॉप चालतो, एकदा टाकून घेतला की इंटरनेटही लागत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण 'हे आपल्या बजेटचं काम नाही' असं ड वर्गातल्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या वाचनालयांनी आधीच ठरवून टाकू नये.

मात्र यातून आलेला मजकूर जसाच्या तसा वापरता येत नाही. ९८ टक्के अक्षरं बरोबर आली असं म्हटलं की भारी वाटतं, पण १५०० चिन्हांच्या पानावर त्या म्हणजे ३० चुका झाल्या. आणि जुन्या मराठीत वेगळाच प्रश्न येतो. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम यायच्या आधी 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत', 'त्यानें' असंच छापायचे. आजचा मजकूर वाचून शिकलेल्या मॉडेलला तो टिंब अनुस्वार आहे की कागदावरचा डाग हे कळत नाही, आणि बरेचदा ते अनुस्वार गाळून मोकळं होतं. माझ्या मते छापलंय तसंच ठेवावं आणि ढिलाई सर्चमध्ये द्यावी, म्हणजे वाचकाने 'नाही' टाकलं तरी 'नाहीं' सापडलं पाहिजे. तसंच 'वाऱ्यावर' या शब्दाचं. यातला 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो, एकदा खाली नुक्ता असलेल्या ऱ ने, एकदा साध्या र ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. सर्च बनवणाऱ्याने आधी दोन्ही एकसारखे करून घेतले नाहीत तर अर्धी पुस्तकं गायबच.

कॅटलॉगचं दुखणं याच जातीचं. खूप वाचनालयांनी दाखल नोंदवही वीसेक वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर चढवली ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असायचे, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसतं अगम्य काहीतरी दिसतं. कन्व्हर्टर मिळतात, दोनचार दिवस बसून हे काम उरकून टाकावं, आणि मग कोहासारख्या वाचनालयांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये किंवा एनआयसी या सरकारी संस्थेच्या ई-ग्रंथालयमध्ये ते घेता येतं.

आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचं काय? कॉम्प्युटरवरचं एनव्हीडीए किंवा फोनमधलं टॉकबॅक हे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारे प्रोग्राम मराठी वाचून दाखवतात, पण नुसत्या स्कॅनच्या फाइलमध्ये त्यांना वाचायला काही मिळतच नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत बनवायची मुभा दिलीये, याच विषयावरचा मराकेश करार मंजूर करणारा भारत जगातला पहिला देश, २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही चालू आहे. कायद्याने दार उघडलंय, आत ठेवायला नीट तपासलेला मराठी मजकूर हवा.

आता नवीन एआय मॉडेलना पानाचा फोटो दिला की झटकन स्वच्छ मजकूर देतात, आणि खरंच चांगला देतात. मला मात्र त्याचीच जास्त काळजी वाटते. जुना ओसीआर चुकला की काहीतरी वेडंवाकडं यायचं आणि चूक लगेच डोळ्यात भरायची. ही मॉडेलं फाटलेल्या जागी शोभेल असा शब्द स्वतःच घालतात, वाक्य अगदी सरळ वाचता येतं, फक्त ते लेखकाचं नसतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडीतली जुनी कागदपत्रं वाचू शकणाऱ्या माणसांची किती गरज पडली ते आपण पाहिलंय, लोकांचे दाखले त्या एकेका ओळीवर अवलंबून होते. तिथे मशीनने अंदाजाने शब्द भरला तर कसं चालेल? म्हणून मजकुराशेजारी मूळ पानाचा फोटो कायम दिसला पाहिजे.

मराठी विकिस्रोत या सगळ्यांना खुल्या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर हे असंच चालतं. एका बाजूला स्कॅन, दुसऱ्या बाजूला ओसीआरचा मजकूर, कच्चं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने तपासलं की हिरवं. ज्या लेखकाला जाऊन ६० वर्षं उलटली त्याचं पुस्तक पुढच्या १ जानेवारीपासून कॉपीराइटमधून मोकळं होतं, ते तिथे घालता येतं. गावच्या वाचनालयांनी सुरुवात मात्र सगळीकडे मिळणाऱ्या पुस्तकांपासून करू नये. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, तालुक्याचं बंद पडलेलं साप्ताहिक, स्थानिक प्रेसवर छापलेली यात्रेची माहितीपुस्तिका, हे दुसरीकडे कुठेच नसतं. हक्काचं आधी बघून घ्यावं, गरज असेल तिथे संस्थेची परवानगी घ्यावी, आणि तपासायला गावातल्याच निवृत्त शिक्षकांना बसवावं. तिथली आडनावं, वाड्या, ओढे त्यांना माहीत असतात, पुण्या-मुंबईत बसलेल्याला 'घोडबाव' आणि 'धोडबाव' यातलं खरं कोणतं ते कसं कळणार.