व्हिजन बोर्डवर बंगल्याऐवजी पासबुक

घर घ्यायचं ठरलं की व्हिजन बोर्डवर, म्हणजे स्वप्नांची चित्रं लावून रोज पाहायच्या फळ्यावर, पहिलं चित्र लागतं बंगल्याचं. एमपीएससीची तयारी असेल तर लाल दिव्याच्या गाडीचं. ते दिवे १ मे २०१७ पासून गाड्यांवरून उतरले, पण स्वप्नातल्या गाडीवर अजून आहेत. वजन उतरवायचं असेल तर कुणा मॉडेलचं सपाट पोट. असा बोर्ड रोज पाहिला की बरं वाटतं, आणि गोची नेमकी त्या बरं वाटण्यातच आहे.

हीदर कॅप्स आणि गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक प्रयोगमालिका प्रसिद्ध केली. हवी ती गोष्ट मिळाल्याची गोड कल्पना रंगवणाऱ्यांचा सिस्टॉलिक रक्तदाब, म्हणजे रक्तदाबाचा वरचा आकडा, इतरांपेक्षा खाली आला. कामाला लागताना शरीर सज्ज होतं तेव्हा हा आकडा वर जातो. इथे उलटं झालं, जणू काम उरकलंच आहे. येणारा आठवडा मस्त जाईल अशी कल्पना करणाऱ्यांच्या हातून त्या आठवड्यात कामही कमी झालं. तयार बंगल्याचं चित्र मनाला गृहप्रवेशाचं जेवण आधीच वाढतं. मग भूक कुठून राहणार?

मग चित्रं लावायचीच नाहीत का? लावावीत, पण वेगळी. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात परीक्षा जवळ आलेल्या विद्यार्थ्यांचे गट केले होते. एका गटाने चांगला निकाल लागल्याचं दृश्य रोज काही मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं, दुसऱ्याने आपण अभ्यासाला बसलोय ते दृश्य: टेबल, वही, कुठला धडा. दुसऱ्या गटाने जास्त अभ्यास केला आणि गुणही जास्त मिळवले. म्हणून बोर्डवर बंगल्यापेक्षा दरमहा रक्कम जमा होते त्या पासबुकाच्या पानाचा फोटो कामाचा, सपाट पोटापेक्षा दाराशी ठेवलेले चालायचे बूट. पासबुकावरचा खाते क्रमांक तेवढा झाकून घ्या.

आता हातात पट्टी घ्या. दोन फूट बाय दीड फूट सॉफ्ट बोर्ड पुरतो. उद्दिष्टं तीनच. प्रत्येकाला चार कागद, प्रत्येक चार बाय सहा इंचाचा: एक फलिताचा (बंगला हवाच असेल तर तो इथे, एकदाच), दोन कृतीचे आणि एक अडथळ्याचा. बारा कागदांनी ४३२ पैकी २८८ चौरस इंच भरतात. उरलेली एक तृतीयांश जागा मोकळी सोडायची, ती पुढे लागते. चित्रं शोधण्याआधी हे बारा मुद्दे साध्या वहीत लिहून काढा. उलट्या क्रमाने गेलात तर मासिकातला जो फोटो देखणा तेच उद्दिष्ट होऊन बसतं, आणि स्वित्झर्लंडची ट्रिप कधी ठरली ते घरात कुणालाच सांगता येत नाही.

अडथळ्याचा कागद बहुतेक जण गाळतात. आमच्या मते बोर्डवरचा सर्वांत कामाचा कागद तोच. त्यावर चित्र नको, एक वाक्य हवं, ‘जर… तर…’ या साच्यातलं. ‘जर ऑफिसातून यायला आठ वाजले, तर जेवणाआधी वीस मिनिटं सोसायटीतच चालेन.’ ‘नियमित चालेन’ हे वाक्य बाद, कारण त्यात वेळही नाही आणि जागाही नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी या साच्यावर बरीच वर्षं काम केलं. २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा त्याचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात (२००२) व्यायाम कधी आणि कुठे करणार हे लिहून दिलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी पुढच्या आठवड्यात तो केला. ज्यांना व्यायामाचे फायदे तेवढे वाचायला दिले, त्यांच्यात हे प्रमाण ३५ टक्के होतं, आणि काहीच न दिलेल्यांत ३८! नुसत्या प्रेरणेने काहीच हललं नाही.

बोर्डाचं समर्थन करताना मेंदूतल्या रेटिक्युलर जाळ्याचा दाखला हमखास दिला जातो: हे जाळं म्हणे तुमच्या ध्येयाच्या संधी हुडकून देतं. मोरुझी आणि मॅगून या मेंदूशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये मांजरांच्या मेंदूवर प्रयोग करून जे दाखवलं, ते हे जाळं जागेपण कसं सांभाळतं याबद्दल होतं. फ्लॅटच्या जाहिराती हुडकण्याबद्दल त्यात काही नाही. ‘येल विद्यापीठात ध्येय लिहून काढणारे ३ टक्के विद्यार्थी पुढे सर्वांत श्रीमंत झाले’ हीसुद्धा दंतकथाच. असा अभ्यास झालेलाच नाही.

बोर्ड फसतो त्याचं साधं कारण डोळ्यांची सवय. रोज तिथेच असलेली, न बदलणारी वस्तू काही दिवसांत दिसेनाशी होते. दिवाणखान्यातली फ्रेम शेवटची नीट कधी पाहिली होती, आठवतं का? त्याच भिंतीवरचं कॅलेंडर मात्र दिसत राहतं, कारण दुधाचा खाडा मांडायला त्याला रोज हात लागतो. बोर्डालाही तसाच हात लागायला हवा, आणि मोकळी सोडलेली जागा त्यासाठीच आहे. तिथे महिन्याच्या चौकटी आखलेली पट्टी लावा आणि कृती झाली त्या दिवशी पेनने खूण करा. प्रगतीच्या नोंदीवरच्या १३८ अभ्यासांच्या एकत्रित तपासणीत (२०१६) हेच दिसलं: नोंद ठेवल्याने उद्दिष्ट गाठायला मदत होते, आणि ती कुठेतरी उतरवून ठेवली तर आणखी.

जागाही कृतीजवळची हवी. मुख्य उद्दिष्ट अभ्यासाचं असेल तर बोर्ड टेबलासमोर, चालण्याचं असेल तर चपलांच्या रॅकवर. देवघराशेजारी लावलेल्या बोर्डला नमस्कार होतो, काम होत नाही. महिन्यातून एकदा कृतीचे फोटो बदला. जरा विचित्र, खटकणारं चित्र चांगलं, त्याच्याशी जोडलेलं काम आठवतं. एका कॉफीच्या दुकानात ग्राहकांना सवलतीचं कूपन दिलं, आणि काही जणांना सांगून ठेवलं की गल्ल्याजवळ परग्रहावरचं बाहुलं दिसेल तेव्हा ते वापरा. त्यांच्यातल्या २४ टक्क्यांनी कूपन वापरलं, न सांगितलेल्यांत १७ टक्क्यांनी. बाहुलं दोघांनाही दिसत होतं.

फेविकॉलने चिकटवू नका. त्यातल्या पाण्याने कागदाचे तंतू फुगतात, वाळताना कमीजास्त आकसतात आणि फोटोला सुरकुत्या पडतात. शिवाय चिकटलेला कागद बदलता येत नाही. टाचण्या बऱ्या. वर्तमानपत्राची कात्रणं उन्हात लवकर पिवळी पडतात, त्या कागदातल्या लिग्निनमुळे, म्हणून साध्या कागदावर प्रिंट काढा. फोम टेप पावसाळ्यात ओल्या भिंतीवरून सुटते, बोर्ड खिळ्यालाच टांगा.

रविवारी दहा मिनिटं पट्टी पाहा. एखाद्या उद्दिष्टापुढे सलग तीन आठवडे एकही खूण नसेल तर आधी त्याचं ‘जर-तर’ बदला: वेळ चुकली असेल किंवा कृती मोठी असेल. तरी खूण नाही, तर त्या उद्दिष्टाचे चारही कागद उतरवून पाकिटात घाला आणि ती जागा मोकळीच ठेवा.